गाठीचे नाव काय, आणि ती उद्या काय करणार?

मऊ ऊतींच्या कर्करोगात जनुकांचे कामकाज मोजणाऱ्या चाचण्या निदान अधिक नेमके करू शकतात. पण महागडे यंत्र आणण्याआधी मेणाचा ठोकळा तज्ज्ञापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था उभी राहायला हवी.

मांडीत, पोटरीत किंवा खांद्यामागे एक गाठ हाताला लागते. दुखत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. ‘चरबीची गाठ असेल’, असे घरचे म्हणतात, शेजारचे म्हणतात, कधी डॉक्टरही म्हणतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. शंभर साध्या गाठींमागे जेमतेम एखादी कर्करोगाची निघते. पण ती ज्याच्या वाट्याला येते, त्याचे पुढचे सगळे दोन प्रश्नांवर ठरते. या गाठीचे नेमके नाव काय? आणि ती उद्या काय करणार, जागेवर राहणार की फुप्फुसापर्यंत पोहोचणार?

स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या, तंतुमय ऊती अशा शरीराला बांधून ठेवणाऱ्या भागांत होणाऱ्या कर्करोगाला सॉफ्ट टिश्यू सार्कोमा म्हणतात. मराठीत मऊ ऊतींचा कर्करोग. प्रौढांना होणाऱ्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा साधारण १ टक्का. वाटा छोटा, पण कुटुंबकबिला मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याचे ५० हून अधिक प्रकार आहेत. काही वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत, काही महिन्यांत पसरतात. काहींवर केमोथेरपी चांगली चालते, काहींवर अजिबात नाही.

या दोन प्रश्नांची उत्तरे गेली शंभर-दीडशे वर्षे सूक्ष्मदर्शक देत आला. गेल्या पाव शतकात त्याच्या जोडीला दुसरे साधन आले आहे. गाठीतली हजारो जनुके कोणत्या जोमाने काम करत आहेत हे मोजायचे आणि त्या नकाशावरून गाठीचे नाव व भविष्य ओळखायचे. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव ‘जीन एक्स्प्रेशन प्रोफायलिंग’. या साधनाचे स्वागत करायलाच हवे. मात्र आपल्याकडे ते कुठे, कुणासाठी आणि कशाच्या आधी यावे, याचा निर्णय जाहिरातींवर सोडता कामा नये. या लेखाचे म्हणणे तेवढेच आहे.

सूक्ष्मदर्शक कुठे अडखळतो?

गाठीचा तुकडा काढला की तो फॉर्मालिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात, त्याचे पातळ काप काढून काचेवर रंगवतात. हाच तो ‘ब्लॉक’ आणि हीच ती ‘स्लाइड’. पॅथॉलॉजिस्ट त्यात पेशींची ठेवण पाहतो. स्तनाचा किंवा तोंडाचा कर्करोग त्याच्या टेबलावर वारंवार येतो. सार्कोमा मात्र वर्षात मोजक्या वेळा येतो, आणि त्याचे पन्नास मुखवटे. डोळा सरावायला संधीच मिळत नाही.

याचा परिणाम किती होतो, हे फ्रान्स आणि इटलीतील तीन प्रदेशांत तपासले गेले. सुमारे दीड हजार रुग्णांच्या स्लाइड सार्कोमाच्या तज्ज्ञांनी पुन्हा पाहिल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिले आणि दुसरे निदान पूर्ण जुळले ते फक्त ५६ टक्के रुग्णांत. उरलेल्यांत कुठे प्रकार बदलला, कुठे श्रेणी बदलली. सुमारे ८ टक्क्यांत तर निदान पूर्णच वेगळे निघाले. ही स्थिती सुसज्ज युरोपातली आहे, हे लक्षात घ्यावे.

दुसरा प्रश्न भविष्याचा. त्यासाठी जगभर फ्रेंच तज्ज्ञांनी घालून दिलेली श्रेणीपद्धत वापरतात. पेशी मूळ ऊतीपासून किती बदलल्या आहेत, किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत दिसतात आणि गाठीचा किती भाग मृत झाला आहे, या तीन गोष्टींना गुण देऊन पहिली, दुसरी किंवा तिसरी श्रेणी ठरते. पद्धत साधी, स्वस्त आणि खूप उपयोगी. पहिली श्रेणी म्हणजे धोका कमी, तिसरी म्हणजे जास्त. पण मोठ्या संख्येने रुग्ण दुसऱ्या श्रेणीत येतात, आणि तिथे डॉक्टरही अडतो. केमो द्यावी की न द्यावी? दिली तर कदाचित विनाकारण त्रास, न दिली तर कदाचित संधी गेली. शिवाय सुईने काढलेल्या छोट्या तुकड्यावरून मोठ्या गाठीची श्रेणी ठरवताना खरी श्रेणी कमी लेखली जाण्याचा धोका असतोच.

जनुके ‘बोलतात’ म्हणजे काय?

आपल्या प्रत्येक पेशीत साधारण २० हजार जनुके असतात आणि ती जवळपास सगळ्या पेशींत सारखीच असतात. तरीही डोळ्याची पेशी वेगळी, स्नायूची वेगळी. कारण प्रत्येक पेशी त्यातली ठरावीक जनुकेच वापरते. वापरात असलेल्या जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपात निघते आणि त्यावरून प्रथिने बनतात. कोणत्या जनुकाच्या किती नकला निघाल्या, म्हणजेच त्याची अभिव्यक्ती किती, हे मोजता येते.

रात्री रस्त्यावर उभे राहून समोरच्या सोसायटीकडे पाहा. सगळे फ्लॅट एकाच नकाशाचे. पण कुठल्या खिडकीत दिवा आहे, कुठे अंधार आहे, यावरून आत काय चालले आहे याचा अंदाज येतो. पहाटे तीन वाजता वीस स्वयंपाकघरांत एकदम दिवे लागलेले दिसले, तर काहीतरी वेगळे घडते आहे हे कळायला आत जावे लागत नाही. सूक्ष्मदर्शक इमारतीचा आकार दाखवतो. अभिव्यक्तीची चाचणी दिवे मोजते.

सुरुवातीला हे मोजमाप ‘मायक्रोअॅरे’ नावाच्या काचपट्टीवर होत असे. आता आरएनएचे थेट वाचन होते. या वाचनाचा आणखी एक फायदा आहे. काही सार्कोमांत दोन वेगवेगळी जनुके तुटून एकमेकांना जोडली जातात आणि त्यांची जोडनक्कल तयार होते. ही जोडी सापडली की निदानावर शिक्कामोर्तबच होते. फ्रान्समध्ये अशा जनुकीय बिघाडांचा शोध घेणाऱ्या चाचण्या ३८४ रुग्णांवर केल्या गेल्या. तज्ज्ञांनी आधी स्लाइड पाहिलेल्या असूनही ५३ जणांचे निदान बदलले. २०१६ मधला तो अभ्यास अभिव्यक्ती मोजण्याचा नव्हता. मात्र रेणूंच्या पातळीवर उतरल्याने काय साधते, हे त्याने दाखवले.

पहिले यश : नाव ठरवणे

२००१ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी मुलांना होणाऱ्या चार कर्करोगांवर हा प्रयोग केला. युइंग सार्कोमा, रॅब्डोमायोसार्कोमा, न्यूरोब्लास्टोमा आणि बर्किट लिम्फोमा. सूक्ष्मदर्शकाखाली चौघेही छोट्या, गोल, निळ्या पेशींचे, एकमेकांसारखे. उपचार मात्र चौघांचे वेगळे. ६३ नमुन्यांवर शिकवलेल्या संगणकाने ९६ जनुकांच्या आधारे त्यांना वेगळे करून दाखवले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा आजचा गाजावाजा सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने ४१ मऊ गाठींचे असेच नकाशे प्रसिद्ध केले. सायनोव्हियल सार्कोमा, जठर-आतड्यातील ‘जिस्ट’ अशा काही गाठी आपापले ठळक गट करून बसल्या. या कामातून पुढे जे निघाले, ते माझ्या मते या संपूर्ण विषयातले सर्वांत शिकण्यासारखे फळ आहे.

‘जिस्ट’च्या गाठींत एक अनोळखी जनुक सतत जोरात चालू दिसत होते. संशोधकांनी २००४ मध्ये त्याला ‘डॉग-१’ नाव दिले. जिस्टमध्ये सापडलेले पहिले, एवढाच त्याचा अर्थ. त्या जनुकाचे प्रथिन रंगवणारी तपासणी तयार झाली. आता जिस्टची शंका आली की नेहमीच्या स्लाइडवर हा रंग टाकतात. त्याला ना महाग यंत्र लागते, ना संगणकाची फौज. ‘किट’ नावाचा नेहमीचा रंग साधारण ५ टक्के जिस्टमध्ये उमटत नाही, तिथे डॉग-१ विशेष कामी येतो. सायनोव्हियल सार्कोमासाठी ‘टीएलई-१’ हा रंगही अशाच नकाशांतून पुढे आला.

जिस्ट ओळखला गेला तर काय होते? पूर्वी यातल्या अनेक गाठी स्नायूंचा सार्कोमा म्हणून नोंदल्या जात आणि केमोला दाद देत नसत. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी त्यांत किट जनुकाचा बिघाड दाखवला आणि २००२ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला जिस्टसाठी मान्यता मिळाली. हीच ती ‘ग्लिव्हेक’. तिच्या पेटंटचा दावा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा मार्ग खुला राहिला. म्हणजे साखळी अशी : महागड्या संशोधनातून स्वस्त रंग निघाला, रंगाने नाव पक्के होऊ लागले, आणि त्या नावावर मिळणारी गोळी सामान्यांच्या आवाक्यात आली. साखळीतली एक कडी जरी तुटली, तरी बाकीच्या कड्यांचा रुग्णाला उपयोग नाही.

दुसरे यश : भविष्य वाचणे

नाव कळले, पण दुसऱ्या श्रेणीतल्या रुग्णाचे काय? २०१० मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी ‘सिनसार्क’ नावाची मोजणी मांडली. ६७ जनुकांचा हा संच आहे. ही जनुके पेशीचे विभाजन आणि गुणसूत्रांची नीट वाटणी यांच्याशी निगडित आहेत. ती जोरात चालू असतील, तर पेशी घाईघाईने विभागत आहेत आणि गुणसूत्रांचा सांभाळ बिघडला आहे, असा अर्थ निघतो. अशी गाठ पसरण्याची शक्यता अधिक.

१८३ सार्कोमांवर हा संच तयार झाला आणि वेगळ्या १२७ गाठींवर तपासला गेला. गाठ पुढे शरीरात इतरत्र जाईल का, हे सांगण्यात तो प्रचलित श्रेणीपद्धतीपेक्षा सरस ठरला. मुख्य म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या धूसर गटाची त्याने कमी धोक्याचे आणि जास्त धोक्याचे अशी फोड केली. आधी त्यासाठी गोठवून ठेवलेला ताजा तुकडा लागत असे. नंतर नेहमीच्या मेणाच्या ब्लॉकमधूनही ही मोजणी करण्याची तंत्रे आली. आपल्यासाठी हा बदल फार मोलाचा आहे. तालुक्याच्या गावात उणे ८० अंशांचा फ्रीजर मिळणार नाही, पण मेणाचा ब्लॉक कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये मिळतो.

मग घोडे अडते कुठे?

धोका सांगणे आणि उपाय सांगणे यांत अंतर आहे. उद्या मुसळधार पाऊस पडणार, हे हवामान खात्याने अचूक सांगितले म्हणून छत्री हातात येत नाही. सिनसार्कने धोका जास्त सांगितला, तर त्या रुग्णाला केमो दिल्याने जीव वाचतो का, हे वेगळे सिद्ध करावे लागते. सार्कोमात वापरली जाणारी डॉक्सोरुबिसिन हृदयाला आणि आयफोस्फामाइड मूत्रपिंडाला इजा करू शकते. त्यामुळे ‘देऊन तर पाहू’ हा हिशेब इथे चालत नाही. म्हणूनच फ्रान्समध्ये सिनसार्कच्या आधारे उपचार ठरवून पाहणाऱ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या. एखादे परीक्षण जन्मल्यानंतर दहा-पंधरा वर्षे ही मेहनत करावी लागते, यातच त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.

तर्काला पटणारी गोष्ट प्रत्यक्षात फसू शकते, याचा दाखला सार्कोमातच आहे. प्रत्येक प्रकाराला त्याची खास केमो दिली तर निकाल चांगला लागेल, असे कुणालाही वाटेल. इटलीच्या पुढाकाराने चार युरोपीय देशांत ही कल्पना तपासली गेली. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. प्रकारानुसार निवडलेली केमो नेहमीच्या केमोपेक्षा सरस ठरली नाही. जनुकांचा अहवाल कितीही रंगीत असला, तरी त्यालाही याच कसोटीतून जावे लागेल.

दुसरी अडचण आकड्यांची. जनुके २० हजार आणि रुग्ण दोन-तीनशे. एवढ्या जनुकांत शोधत बसले, की काही तरी जुळतेच. पत्रिका पाहणाऱ्याला जसा प्रत्येक घटनेसाठी एखादा ग्रह सापडतो, तसे. त्यामुळे एखादा जनुकसंच जिथे तयार झाला तिथे चालला, याला फारसे महत्त्व नाही. दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या देशात, दुसऱ्या यंत्रावर तो चालला पाहिजे. आजवरच्या बहुतेक मोठ्या अभ्यासांतले रुग्ण युरोप-अमेरिकेतले आहेत, हेही विसरता येत नाही.

तिसरी अडचण गाठीची. मोठी गाठ सगळीकडे सारखी नसते. एका कोपऱ्यात शांत, दुसऱ्या कोपऱ्यात उग्र. सुई शांत कोपऱ्यात लागली, तर अहवालही शांतच येणार.

आणि चौथी गोष्ट तुलनेची. मिलानच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील तज्ज्ञांच्या पुढाकाराने ‘सार्क्युलेटर’ नावाचे अॅप तयार झाले आहे. रुग्णाचे वय, गाठीचा आकार, श्रेणी आणि प्रकार एवढे भरले की डॉक्टरांना पुढच्या वाटचालीचा अंदाज मिळतो. ते विनामूल्य आहे. तेव्हा कोणत्याही महागड्या जनुकचाचणीला पहिला प्रश्न हा विचारावा : विनामूल्य मिळणाऱ्या अंदाजापेक्षा तू जास्त काय सांगतेस?

आपल्याकडे आधी काय हवे?

सिनसार्क ज्या देशात जन्मले, त्या देशाने त्याआधी आणि त्याबरोबर काय केले ते पाहू. फ्रान्सने सार्कोमासाठी देशभर संदर्भ केंद्रांचे जाळे विणले. संशयित सार्कोमाची स्लाइड तज्ज्ञाने दुसऱ्यांदा पाहायचीच, हा रिवाज केला. तिथल्या १२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींतून २०१७ मध्ये दिसले, की उपचारांआधी ज्यांचे प्रकरण तज्ज्ञांच्या मंडळासमोर गेले, त्यांच्यावर नियमानुसार उपचार होण्याचे प्रमाण जास्त होते आणि आजार उलटण्याचे कमी. यात एकही नवे यंत्र नव्हते. योग्य माणसांनी योग्य वेळी एकत्र बसणे, इतकेच होते. आणि फ्रेंच सार्कोमा गटाने वर्षानुवर्षे जपलेले नमुने व नोंदी नसत्या, तर सिनसार्कही जन्मले नसते.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे, खारघरला त्याचेच अॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. सार्कोमाचा अनुभव असलेले तज्ज्ञ आहेत. पण गाठ पहिल्यांदा दिसते ती गडहिंग्लजला, उदगीरला किंवा अहेरीला. तिथे अनेकदा आधी गाठ काढली जाते आणि मग ती काय होती हे कळते. कधी तर ती तपासायलाच पाठवली जात नाही. सहा महिन्यांनी तिथेच पुन्हा गाठ येते आणि तोवर आसपासच्या ऊतींत पेशी पसरलेल्या असतात. पहिल्या खेपेला नीट झाली असती ती शस्त्रक्रिया मग मोठी करावी लागते, कधी पाय गमवावा लागतो. या रुग्णाला ६७ जनुकांची चाचणी हवी होती का? त्याला आधी एक एमआरआय हवे होते, सुईची बायोप्सी हवी होती आणि ब्लॉक तज्ज्ञाकडे नेणारी व्यवस्था हवी होती.

आज ती व्यवस्था म्हणजे रुग्णाचा भाऊ किंवा मुलगा. पिशवीत ब्लॉक आणि स्लाइड घेऊन रात्रीच्या गाडीने तो मुंबई गाठतो. नमुना पोहोचतो, पण भावाची मजुरी बुडते, राहायची सोय नसते, अहवालासाठी पुन्हा फेरी पडते. मेणाचा ठोकळा कुरिअरने पाठवता येतो, स्लाइडची छायाचित्रे संगणकावरून पाठवता येतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’मध्ये आज ३०० हून अधिक केंद्रे जोडलेली आहेत. म्हणजे सांगाडा तयार आहे. त्यावर सार्कोमाचे काम चढवायचे आहे.

‘गरिबांना साधे, श्रीमंतांना आधुनिक?’

यावर एक रास्त आक्षेप येईल. आधी साधे करू, मग आधुनिक, असे म्हणत राहिलो तर ग्रामीण रुग्णाला आधुनिक कधीच मिळणार नाही. पैसेवाला आजही आपला नमुना परदेशी पाठवतो. बाकीच्यांनी रांगेतच राहायचे का?

आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याचे उत्तर ‘नको’ असे नाही. उत्तर ‘मोजक्या ठिकाणी, ठरावीक रुग्णांसाठी, सरकारी खर्चाने’ असे आहे. राज्यात प्रत्येक जिल्ह्यात असे यंत्र बसवणे म्हणजे उद्घाटनाची फीत कापून वर्षभर ते धूळ खात ठेवणे. सार्कोमा एवढा विरळ, की जिल्ह्यातल्या यंत्रावर काम करणाऱ्याचा हात बसणारच नाही. त्याऐवजी राज्यातील दोन-तीन केंद्रांवर ही सोय एकवटावी आणि नमुन्यांनी प्रवास करावा. ज्या गाठीचे नाव तज्ज्ञालाही ठरवता येत नाही आणि जिथे नावावर उपचार बदलतो, तिथे ही चाचणी आधी मिळावी. धोक्याचा अंदाज देणाऱ्या चाचण्या मात्र सध्या संशोधनाचा भाग म्हणून, रुग्णाकडून पैसे न घेता आणि निकालांची नोंद ठेवून कराव्यात.

नोंद ठेवण्याचा मुद्दा फार मोठा आहे. आपल्याकडे रुग्णसंख्या आहे, मेणाचे ब्लॉक आहेत. नाही ती पाठपुराव्याची शिस्त. पाच वर्षांनी रुग्ण कसा आहे, हे कळले नाही तर जनुकांचा नकाशा नुसतेच चित्र राहतो. ही शिस्त आली, तर युरोपात तयार झालेले संच आपल्या रुग्णांवर चालतात का हे तपासता येईल, आणि डॉग-१ सारखा एखादा स्वस्त रंग इथूनही निघू शकेल. स्तनाच्या कर्करोगात असा विचार आपल्याकडे झालेला आहे. बंगळुरूमध्ये पाच प्रथिनांच्या रंगतपासणीवर आधारलेली धोका मोजणारी चाचणी विकसित झाली. परदेशी जनुकचाचण्या महाग म्हणून हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा ही वाट बरी.

अहवालाचा बाजार

दुसरीकडे खासगी बाजार थांबलेला नाही. शेकडो जनुके तपासल्याचे सांगणारे, रंगीत आलेखांचे जाडजूड अहवाल आज विकले जातात. कर्करोगाच्या बातमीने घाबरलेले कुटुंब काहीही करायला तयार असते. शेतीचा तुकडा, दागिने, पतसंस्थेचे कर्ज यांतून पैसा उभा राहतो. आणि अहवालाच्या शेवटी ज्या औषधाचे नाव येते, ते कधी सार्कोमासाठी सिद्ध झालेले नसते, कधी परवडण्याच्या पलीकडचे असते.

सगळे अहवाल निरुपयोगी आहेत असे मुळीच नाही. एनटीआरके जनुकाची जोडी सापडली, तर त्यावर चालणारे औषध आहे आणि काही रुग्णांत, विशेषतः लहान मुलांच्या एका सार्कोमात, त्याने फार चांगला परिणाम दिला आहे. म्हणूनच चाचणी करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावे. हिचा निकाल काहीही आला तरी माझा उपचार तोच राहणार आहे का? तसे असेल तर ती आता का करायची? ही चाचणी माझ्या प्रकारच्या गाठीसाठी तपासलेली आहे का? आणि निकालात जे औषध सुचेल, ते मला मिळू शकेल का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

नियमन करणाऱ्यांनीही एवढे तरी बंधनकारक करावे, की अशा प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर साध्या भाषेत, इथे मराठीत, लिहिलेले असावे : या निकालाने उपचारात कोणता बदल सुचतो, आणि तो बदल सिद्ध झालेला आहे की नाही.

वाचकांनी काय लक्षात ठेवावे?

गाठ मोठ्या लिंबापेक्षा, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, खोल असेल, वाढत असेल किंवा एकदा काढल्यावर परत आली असेल, तर सुरी लावण्याआधी तिचे चित्र काढून घ्यावे आणि सुईने तुकडा तपासून घ्यावा. दुखत नाही म्हणून ती साधी, असे समजू नये. काढलेली प्रत्येक गाठ तपासायला गेलीच पाहिजे, हे डॉक्टरांना सांगावे. अहवालात ‘सार्कोमा’ शब्द आला, तर पुढच्या उपचारांआधी ब्लॉक आणि स्लाइड सार्कोमा पाहणाऱ्या केंद्रात दाखवाव्यात. दुसऱ्या मतासाठी त्या मागून घेता येतात. त्या जपून ठेवाव्यात. उद्या कोणतीही जनुकचाचणी करायची वेळ आली, तर ती त्याच ठोकळ्यावर होणार आहे.

सरकारच्या पातळीवर मागणी आणखी सोपी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया आणि केमो यांना जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढेच नेमक्या निदानाला द्यावे. सार्कोमाचा उपचार मंजूर करण्याआधी तज्ज्ञाच्या दुसऱ्या वाचनाची अट घालावी. त्या वाचनाचा, रंगतपासण्यांचा आणि नमुना पाठवण्याचा खर्च योजनेतून द्यावा. चुकीच्या निदानावर केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा आणि नको असलेल्या केमोपेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे. मोजक्या केंद्रांत आरएनए वाचनाची सोय करावी आणि तिथे कोणत्या जिल्ह्यातून किती नमुने आले, याचा आकडा दरवर्षी जाहीर करावा. एकही नमुना न पाठवणारा जिल्हा त्यात आपोआप उघडा पडेल. तिथे सार्कोमा होत नाही असे नाही, तिथे तो ओळखला जात नाही.

जनुकांचे कामकाज वाचणारे विज्ञान पुढे जाणारच आहे. संच सुधारतील, यंत्रे स्वस्त होतील, आज संशोधनात असलेल्या काही चाचण्या उद्या नेहमीच्या होतील. त्या दिवशी त्यांचा लाभ अहेरीच्या रुग्णाला मिळणार की फक्त विमान परवडणाऱ्याला, हे मात्र प्रयोगशाळेत ठरणार नाही. त्याची गाठ वेळेवर तपासली गेली का, ब्लॉक जपला गेला का आणि तो योग्य टेबलावर पोहोचला का, यावर ते ठरेल. आणि ही तिन्ही कामे आज, आहे त्या साधनांनी सुरू करता येतात.